तपासणीच्या रेषा

“पण बाई, सत्त्याण्णव टक्के जुळतंय म्हटल्यावर अजून काय तपासायचं?”

श्रीरंगने हे दारातूनच विचारलं. उपग्रहाच्या छायाचित्रातलं जंगल, कातळ, शेतं, घरं वेगवेगळी आखून देणारा प्रोग्रॅम त्याने लिहिला होता. दरडीखालची घरं त्यावरूनच ठरणार होती. ज्या घरांची नोंद होईल त्यांना पावसाआधी हलवणार, बाकीची माणसं तिथेच राहणार.

नकाशा संध्याकाळपर्यंत कचेरीत हवा होता. गुरूंची शाबासकी खिशात टाकायची आणि निघायचं, असा स्वारीचा बेत. 

कानडेबाई त्याच्या गुरू; त्यांचं आयुष्य हवाई छायाचित्रं वाचण्यात गेलेलं. त्या मटार सोलत राहिल्या.

“जुळतंय ते कशाशी?”

“मी हाताने काढलेल्या रेषांशी. एकेक घर, एकेक बांध!”

“काढताना प्रोग्रॅमच्या रेषा समोर होत्या?”

“होत्या... फिकट. सोयीसाठी.”

बाईंनी मटार बाजूला ठेवले. त्याच्या पिशवीतून त्यांनी छायाचित्राची छापील प्रत काढली. तिच्यावर एकही रेघ नव्हती. त्यांनी पेन्सिल पुढे केली.

“काढ.”

शेतं कालच्या आठवणीवर झरझर झाली. डोंगराच्या सावलीपाशी मात्र हात अडला. तिथे करड्या ठिपक्यांचा एक पुंजका होता.

“बाई, हा कातळ आहे की... पत्रे?”

“काल काय होतं?”

“काल... कातळ.”

 काल त्याने तिथे पाहिलंच नव्हतं. प्रोग्रॅमची रेघ होती, ती गिरवली होती. आणि दरड बरोबर त्या ठिपक्यांच्या डोक्यावर होती.

त्याने कशीबशी पुंजक्याभोवती रेघ ओढली. ठिपका न् ठिपका आत घ्यायच्या नादात ती नागमोडी गेली. मग त्याने कचेरीत फोन लावला.

“साहेब, नकाशा आज पाठवत नाही... हो, चूक माझीच. मी आत्ताच डोंगराखाली निघतोय. तिथे कुणी राहतं का, ते डोळ्यांनी बघून येतो.”

पलीकडून बरंच काही ऐकून घेऊन त्याने फोन ठेवला. निघण्याआधी त्याची नजर कागदावर गेली. ती वाकडी रेघ त्याला बघवेना. त्याने खोडरबर उचलला.

बाईंनी त्याचं मनगट धरलं.

“राहू दे... तेवढीच तुझी आहे.”