उभी आणि बसलेली

"पण आबा, फ्रेमला दर्शनी बाजू कुठली ठेवू?"

शैलजाने कागद उजेडात धरला. एकोणिसाव्या शतकातल्या एका फ्रेंच चित्रकाराचं कोळशातलं रेखाटन. आबा साटम पॅरिसला शिकायला होते तेव्हा त्यांच्या गुरूंनी ते दिलेलं. आज आबांनी ते तिच्या हाती ठेवलं होतं. कुडाळच्या याच पडवीत ती त्यांच्याकडून रेषा शिकली. आता मुंबईत मोठी चित्रकार म्हणून तिचं नाव होतं, ती शिकवतही होती.

कागदाच्या एका बाजूला उभी स्त्री, दोन्ही हात डोक्यावर, रेष न् रेष जिथल्या तिथे. कागदाच्या मागच्या बाजूला तीच स्त्री स्टुलावर बसून तळपाय चोळत होती. चेहरासुद्धा पुरा नव्हता.

"उभीचीच ठेवते," शैलजाच म्हणाली. "मागचं काय, उगाच खरडलेलं."

आबांनी पेन्सिल उचलली.

"तशी उभी राहा बघू."

"मी?"

"हं. हात वर."

ती हसत उभी राहिली. थोड्या वेळाने हसू गेलं. खांदे भरून आले, पोटऱ्या थरथरू लागल्या. आबांची पेन्सिल मात्र जागची हलेना.

"आबा, काढताय ना?"

आबा तिच्या पायांकडे बघत होते.

"आबा, आता नाही हो उभं राहवत!"

"बैस."

ती मटकन खाली बसली. हात आपसूक पायाकडे गेला. तेवढ्यात कागदावर पेन्सिल सरसर धावू लागली...

शैलजाचा हात थांबला. तिने शेजारचं जुनं रेखाटन पालटलं. बसलेल्या त्या बाईकडे ती बघतच राहिली.

"आबा... मला पदक मिळालं त्या चित्राला मॉडेल म्हणून कमलताई तासन् तास उभ्या राहिल्या होत्या. मी आपली 'हलू नका, हलू नका' करत होते. चित्र झालं, मी निघून गेले. अजून येतात त्या, आमच्या वर्गावर उभ्या राहायला. हसून मलाच विचारतात, बाई, बऱ्या आहात ना?"

कागद जपून बाजूला ठेवून ती उठली. एवढं देणाऱ्या माणसाचे आभार कसे मानायचे तिला कळेना. ती वाकली, आबांच्या पायांवर डोकं ठेवायला.

आबांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"माझे कुठे दुखले होते, शैलजा?"