मात्राला कोणी बोलावलं?

खूप वर्षांपूर्वी एका शाळेच्या लिनक्स संगणकात बरेच प्रोग्राम एकत्र नांदत होते. कोण राहणार नि कोण जाणार, ते भांडारीकाका आपल्या वहीत बघून ठरवत. वहीत रकाने दोनच होते: 'मागवलेले' आणि 'कुणासोबत आलेले'. ज्याच्यासोबत आले तो गेला, की दुसऱ्या रकान्यातल्यांनाही जावं लागे.

चिमुकली मात्रा अक्षरांवर काना-वेलांटी बसवायची. ती पत्रलेखक नावाच्या प्रोग्रामसोबत आलेली. एक दिवस पत्रलेखकाला काढून टाकलं आणि काका तिच्याकडे वळले.

"पोरी, तुझं इथलं काम संपलं. आवर आता."

मात्रा आवरायला उठली. आपल्याला मुद्दाम कुणी बोलावलंच नव्हतं, हे तिला माहीत होतं.

"थांब गं!" शेजारची रोजनिशी कडाडली. हा प्रोग्राम शाळेतल्या मुलींनी स्वतः लिहिला होता, काकांच्या भांडारातून आला नव्हता, त्यामुळे वहीत तिची नोंदच नव्हती. "काका, ही गेली तर माझ्यातलं एक अक्षरही कुणाला वाचता येणार नाही!"

"वहीत तसं नाही."

"वहीत नाही म्हणून खरं नाही? तोंडानं विचारायला काय झालं होतं?"

काकांनी वही पुन्हा उघडली. मग त्यांनी मात्राचं नाव 'कुणासोबत आलेले'मधून खोडून 'मागवलेले'मध्ये लिहिलं. "कुणी मागवली म्हणू?"

"मी," रोजनिशी म्हणाली.

मात्रा पुन्हा खाली बसली, पण या वेळी रोजनिशीला अगदी खेटून.