बिरजाची जागल

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. वैनगंगेवर तेव्हा एकही पूल नव्हता. पलीकडच्या काठावरच्या माणसाला बोलवायचं, तर दोन्ही हात तोंडाशी धरून हाक घालावी लागे. हाक पोचली तर माणूस येई, नाही पोचली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा घसा कोरडा करायचा. त्या काळी नदीकाठी पळसटोला नावाची ढिवरांची वस्ती होती. ढिवर म्हणजे नदीवर जगणारे लोक. पुरुष डोंगे वल्हवत, जाळी टाकत. बायका जाळी विणत, टोपलीतून मासे विकत. त्या वस्तीत डोमा ढिवराची बायको होती, बिरजा.

बिरजा दिसायला काही निराळी नव्हती. किडकिडीत, सावळी, चालायला भरभर. पण तिला एक वेड लागलं, आणि ते कसं लागलं तेही लोकांना ठाऊक आहे. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी एका उन्हाळ्यात झोपडी इतकी तापली, की तिला झोप येईना. ती उठली, नवऱ्याचा गळ घेतला, आणि वस्तीच्या वर हत्तीडोह आहे तिथल्या खडकावर पाय पाण्यात सोडून बसली. दोरीला एक गांडूळ लावलं, उगाच, हाताला काहीतरी काम म्हणून. आणि अंधारात, काही दिसत नसताना, दोरी तिच्या बोटात एकदम जिवंत झाली.

झालं! असं म्हणतात, त्या रात्री जी बिरजा घरून गेली ती सकाळी परत आलीच नाही. तिच्या जागी दुसरीच बाई आली, हसतहसत, हातात दोन मासे घेऊन.

तेव्हापासून दिवसाची कामं उरकली की ती खडकावर जाई. वस्तीत कुजबुज झाली. बाईमाणसानं रात्रीचं नदीवर बसायचं? सुकरू नावाचा म्हातारा वस्तीचा कारभारी होता. त्यानं डोमाला बोलावून विचारलं, "काहून रे डोमा, बायकोले आवरता येत नाई का तुले?"

डोमा म्हणाला, "बाबा, मी एक रात्र तिच्यासंगं बसून पाहतो, मंग सांगतो."

आणि डोमा गेला. ती रात्र पळसटोल्यात अजून हसून हसून सांगतात. डोमा हा मोठा झोपाळू गडी. दिवस मावळला तेव्हा खडक दिवसभराच्या उन्हानं तव्यासारखा तापलेला होता. बसला तसा उठला. मग डास आले. डास म्हणजे किती? बोलायला तोंड उघडलं तर आत जात. बिरजानं शेणाची गोवरी पेटवून वर कडुनिंबाचा पाला टाकला, तर डास गेले आणि डोमाचे डोळे गेले. धुरापासून बाजूला सरकला, तर तिथं लाल मुंग्यांची रांग. पलीकडच्या काठावर कोल्ही रडू लागली. एक टिटवी डोक्यावरून ओरडत गेली, डोमा दचकला, आणि शिदोरीची भाकर पाण्यात पडली. मध्यरात्रीनंतर तोच खडक बर्फासारखा गार झाला, अंगावरची चादर दवानं ओली झाली. पहाटे डोमाचे दात वाजत होते.

"बिरजे," तो म्हणाला, "इथं सुख कायचं आहे, ते तरी सांग मले."

 बिरजानं दोरी त्याच्या हातात दिली. दोरी ढिली होती. डोमा बसून राहिला. पाण्याचा आवाज येत होता. आभाळ चांदण्यांनी इतकं भरलेलं होतं, की वर बघताना पडल्यासारखं वाटे. आणि मग टक् झालं. पुन्हा टक्.  डास चावत होते, पण त्याला कळेनात. त्यानं झटका दिला, दोरी ताणली, आणि अंधारातून कोपराएवढा मासा फडफडत त्याच्या छातीवर येऊन आपटला! डोमा इतक्या जोरात ओरडला, की वस्तीतली कुत्री भुंकायला लागली. निखाऱ्यावर, नुसतं मीठ लावून, त्यांनी तो मासा भाजला आणि बोटं पोळत खाल्ला. तसं जेवण आपण जन्मात जेवलो नाही, असं डोमा पुढे सगळ्यांना सांगे.

तो पुन्हा कधी खडकावर गेला नाही, झोप त्याला फार प्यारी होती. पण सुकरूला जाऊन म्हणाला, "बाबा, तिले बसू द्या. तिथं काही वाईट नाई. डास तेवढे आहेत."

मग मिशाळ्या आला.

मिशाळ्या म्हणजे हत्तीडोहातला थोरला मासा. त्याच्या मिशा हातभर लांब होत्या, पाठ शेवाळलेल्या दगडासारखी होती. आधी बिरजाला तो दिसलाच नाही, नुसता जाणवला. एका रात्री दोरीला काहीतरी लागलं, बिरजा उठून उभी राहिली, आणि दोरी तिच्या तळहाताची कातडी घेऊन पाण्यात गेली. गळ सरळ होऊन परत आला. दुसऱ्या खेपेला दोरीच तुटली. तिसऱ्या खेपेला तो पाण्याबाहेर आला, चांदण्यात एकदा पूर्ण दिसला, आणि असं म्हणतात, त्यानं आपटी मारली तेव्हा खडकावरची शेकोटी विझली.

तीन वर्षं बिरजा त्याच्या मागे होती. पौषाच्या थंडीत बसली, भादव्याच्या चिखलात बसली. लोहारानं तिला करंगळीएवढा जाड गळ करून दिला. अंबाडीच्या बारा पदरांची दोरी तिनं स्वतः वळली. तीन वर्षांत तिला नदीचं असं काही कळायला लागलं, जे दिवसा नदीवर जाणाऱ्यांना कळत नव्हतं. पाणी कोणत्या घटकेला गार होतं, मासे कधी वर येतात, कधी तळाला जातात, बेडूक कधी गप्प होतात. हे ती कुणाला सांगत नसे. कुणी विचारतही नसे.

त्या वर्षीचा वैशाख आला. उन्हाळ्यात नदी आटते, मधोमध पाण्याची एक धार राहते आणि दोन्ही बाजूंना रेतीचं मैदान होतं. त्या रेतीत ढिवर लोक डांगरांच्या, म्हणजे खरबुजांच्या, आणि काकड्यांच्या वाड्या लावत, आणि तिथंच बोरूच्या झोपड्या घालून मुलाबाळांसकट राहत. त्या वर्षी चाळीस घरं रेतीत उतरली होती, हत्तीडोहाच्या खाली दोन कोसांवर. डांगरं पिकली होती. डोमाही तिथंच होता.

त्या संध्याकाळी बिरजा दोरी खांद्यावर टाकून निघाली, तेव्हा डोमा म्हणाला, "आज नको जाऊ ना. उद्या डांगरं तोडाची आहेत."

"सकाळी येतोच ना मी," बिरजा म्हणाली. त्या भागात बाया असंच म्हणतात, येतो, जातो. "आज तो वर येणार आहे. मले वाटते तसं."

ती डोंगा घेऊन वर गेली, खडकाला बांधला, आणि बसली. आणि रात्र अर्धी झाली नसेल, तोच मिशाळ्या लागला!

असा लागला, की बिरजा गुडघ्यांवर पडली. तिनं दोरीचे खडकाच्या सुळक्याला दोन वेढे दिले, पाय रोवले. दोरी गुणगुणायला लागली, चरख्यासारखी. तो तळाला गेला, तिनं दोरी सोडली. तो वर आला, तिनं ओढून घेतली. घाम डोळ्यांत जात होता, तळहात फाटले होते, आणि बिरजा मोठ्यानं हसत होती. तीन वर्षं! बारा पदर टिकले होते, गळ टिकला होता. मासा दमत चालला होता, आणि तिला ते हातांत समजत होतं.

तेवढ्यात तिच्या पायाला पाणी लागलं.

ती बसली तेव्हा पाणी खडकाच्या हातभर खाली होतं. बिरजानं पाय हलवून पाहिला. पाणी गार होतं. वैशाखात पाणी असं गार नसतं. त्याला ताज्या मातीचा वास होता. आणि बेडूक गप्प झाले होते, सगळे, एकदम. छोटे मासे आपणहून खडकावर उड्या मारत होते. तिनं उत्तरेकडे पाहिलं. दूर, डोंगरांकडे, वीज चमकत होती. आवाज नव्हता. इथं वर आभाळ चांदण्यांनी भरलेलं होतं.

वर कुठंतरी अवकाळी पाऊस कोसळला होता, आणि नदी येत होती. खाली रेतीत चाळीस घरं झोपली होती.

काठानं धावावं तर मध्ये तीन नाले, काटेरी झुडपं. वल्ह्यानं जावं तर पाणी तिच्या आधी पोचलं असतं. बिरजाच्या हातात दोरी होती, आणि दोरीच्या टोकाला मिशाळ्या होता, आणि तो आता तळाला जात नव्हता. तो वाहत्या धारेच्या दिशेनं ओढत होता. त्यालाही पाणी कळलं होतं.

बिरजानं दोरी सुळक्यावरून सोडवली, डोंग्याच्या नाकाला बांधली, डोंगा खडकापासून सोडला, आत उडी घेतली आणि ओरडली, "तुलेबी पळाचं आहे ना? तर मले घेऊन पळ!"

आणि मिशाळ्या पळाला!

असं म्हणतात, त्या रात्री वैनगंगेवर जो डोंगा धावला तसा आधी कधी धावला नव्हता आणि नंतर कधी धावला नाही. डोंग्याचं नाक पाण्यात, शेपूट हवेत. दोन्ही बाजूंना पाणी फाटत होतं. बिरजा वल्हं सुकाणूसारखं धरून आडवी पडली होती. मागून आवाज यायला लागला होता, आधी गाड्यांच्या रांगेसारखा, मग जंगल मोडल्यासारखा. ती मागे बघत नव्हती. एका वळणावर झाडाची फांदी तिच्या डोक्यावरचा पदर घेऊन गेली. दोन कोस कधी सरले ते तिला कळलं नाही. रेतीतल्या झोपड्या दिसल्या, मिशाळ्या उथळ पाण्यात घुसला, आणि डोंगा रेतीवर आपटून उलटला.

बिरजा उठली ती ओरडतच उठली. "उठा! पूर आला! काठावर चढा! उठा!"

सुकरू डोळे चोळत बाहेर आला. त्यानं वर चांदण्या पाहिल्या. "पोरी, वैशाख आहे. सपन पडलं का तुले?"

पण डोमा, तो झोपाळू डोमा, तिचा आवाज ऐकून सरळ उभा राहिला होता. त्यानं एक शब्द विचारला नाही. त्यानं पितळी परात उचलली आणि दगडानं बडवायला लागला. "ती म्हणते तर आला पूर!" तो ओरडला. "नदीवर रात्र कोण काढते? ती का तुमी?" लोक उठले. आयांनी पोरं काखेत मारली, म्हाताऱ्यांना पाठीवर घेतलं, बकऱ्यांची दावी कापली. सुकरू डांगरांच्या ढिगापाशी अडून बसला, तर डोमानं त्याला पोत्यासारखा खांद्यावर टाकला आणि काठाकडे पळाला. म्हातारा त्याच्या पाठीवर बुक्के मारत होता.

सगळे काठावर चढले. बिरजा चढली नाही.

ती उलटलेल्या डोंग्यापाशी परत गेली होती. मिशाळ्या तिथंच होता, गुडघाभर पाण्यात, रेतीत रुतलेला, दोरी डोंग्याला अडकलेली. डोंग्याएवढा लांब. कल्ले उघडत होते, मिटत होते. तीन वर्षं जे हवं होतं ते तिच्या पायाशी पडलं होतं, आणि कमरेच्या विळ्याचा एक घाव पुरला असता. काठावरून डोमा हाका मारत होता. बिरजा खाली बसली, मिशाळ्याच्या तोंडात कोपरापर्यंत हात घातला आणि गळ काढला. मग खांदा लावून त्याला धारेकडे लोटलं.

तेवढ्यात पाणी आलं. झाडं आली, झोपड्या गेल्या, डांगरं चेंडूंसारखी उसळत गेली.  डोमा पाण्याकडे धावला, तेव्हा त्याला चौघांनी धरून ठेवलं.

सकाळी पाणी उतरलं. डोमा काठाकाठानं खाली चालत गेला, आणि कोसभर अंतरावर एका अर्जुनाच्या झाडावर त्याला बिरजा दिसली. फांदीला मिठी मारून बसली होती, चिखलानं माखलेली, मुंग्यांनी चावलेली. डोमा झाडाखाली उभा राहून रडायला लागला. बिरजानं वरून पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलली ते हे:

"केवढा होता, पाहिला का तुमी?"

"पाहिला," डोमा म्हणाला. खरं म्हणजे अंधारात त्याला काहीच दिसलं नव्हतं.

कुणी म्हणतात, ती झाडापर्यंत वाहत गेली. कुणी म्हणतात, तिला कुणीतरी पाठीवर घेऊन नेऊन सोडलं. बिरजाला विचारलं की ती म्हणे, डोळ्यांत पाणी होतं, मला काय ठाऊक. त्या वर्षी डांगर एकही हाती आलं नाही, पण चाळीस घरांतलं एकही माणूस गेलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात सुकरूनं स्वतः बिरजाला विचारलं, "पोरी, रात्री पाण्यापाशी बसाचं कसं, ते शिकवशीन का आमच्या पोरींले?" तिनं शिकवलं. ती पुष्कळ वर्षं जगली.

आजही पळसटोल्याचे लोक उन्हाळ्यात रेतीत वाड्या लावतात, आणि रोज रात्री धारेपाशी जागायची एका घराची पाळी असते. तिला बिरजाची जागल म्हणतात. जागल करणाऱ्यानं हातात गळाची दोरी धरूनच बसायचं, कारण नुसता बसलेला माणूस पेंगतो. दोरी धरलेला पेंगत नाही. रात्री जे लागेल ते सकाळी सगळ्या वाड्यांत वाटून खायचं, आधी पोरांना. नवी सून वस्तीत आली, की पहिल्या उन्हाळ्यात पहिली पाळी तिची. सासू तिच्यासाठी कडुनिंबाचा पाला तोडून आणते, आणि तिच्यानंतर पाळी कुणाची यावरून होळीपासूनच भांडणं लागतात.

पहाटे रेतीत निजलेली माणसं जागी होतात. कूस बदलायच्या आधी प्रत्येक जण एकदा मान वळवून धारेकडे बघतो. तिथं कुणीतरी बसलेलं असतं. मग तो पुन्हा डोळे मिटतो.