दस्तगीरच्या डब्यातलं पाणी

कापडाच्या कारखान्यात बॉयलर फुटून त्याची भट्टी सांभाळणारा दस्तगीर फायरमन गेला. बॉयलरला पाणी देणारा पंप मोठा घ्या, असं इंजिनियर आवटीबाईंनी आधीच सांगितलं होतं. मालक चौगुले म्हणाले होते, "जेवढी वाफ जाते, तेवढंच पाणी पुरे."

शोकसभेत चौगुलेच म्हणाले, "बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचेवर दस्तगीरचं लक्ष नव्हतं."

बाईंनी दस्तगीरचा जेवणाचा डबा समोर ठेवला. स्फोटात तळाला भोक पडलं होतं. अर्ध्यापर्यंत पाणी घालून त्या म्हणाल्या, "साहेब, गळतंय तेवढंच ओता आणि डबा भरून दाखवा."

चौगुले ओतत राहिले. पाणी वर चढेना.

"त्यालाही काचेत हेच दिसत होतं, उतरलेलं पाणी वर चढत नव्हतं," बाई म्हणाल्या. "म्हणून बॉयलर फुटू नये यासाठी तो भट्टीतला जाळ बाहेर ओढत होता. लक्ष नसतं, तर बाहेर चहा पीत बसला असता. आज जिवंत असता."

चौगुल्यांचा हात थांबला. डबा गळतच राहिला.