तुंगेचे पहिले गिऱ्हाईक

एका राज्यात सगळेच नोकरीला होते. राज्याचे नाव विचारू नका, ज्यांना ठाऊक होते ते सगळे राजवाड्यात हजेरी लावायला गेले आहेत. राजा भद्रायू गादीवर बसे आणि उरलेली प्रजा त्याच्या सेवेत उभी असे. छत्री धरणारे सात, सावली कुठे पडली ते सांगणारे तीन, राजाला जांभई आली की चुटकी वाजवणारे पाच. त्या पाचांतला तिसरा रंगोजी. रंगोजीची मुलगी तुंगा, वय वर्षे एकोणीस, आणि ही तिची कहाणी.

राज्यात सेवक उदंड, पण वस्तू करणारा एकही नव्हता. बाजारपेठ होती, पण दुकानांच्या फळ्या तीनशे वर्षे लागलेल्या. राजाची वाडवडिलांपासून चालत आलेली वहाण तुटली त्याला बारा वर्षे लोटली होती. राजा अनवाणी हिंडे, टाचांना भेगा पडल्या होत्या. वहाणेची राखण करणारे पद मात्र चालूच होते.

एके दिवशी ते पद रिकामे झाले. रंगोजी धापा टाकीत घरी आला.

"तुंगे, नशीब उघडले तुझे! राजाच्या डाव्या वहाणेची राखणदारीण! दोन वेळचे जेवण, सणाला लुगडे."

"बाबा, पण वहाण आहे कुठे?"

"नाही, म्हणून तर काम हलके!"

"मग मी वहाणच करते. पेठेत दुकान थाटते."

रंगोजीने कानांवर हात ठेवले. "आपल्या घराण्यात आजवर कोणी काही विकलेले नाही! पौर्णिमेपर्यंत मुदत देतो. एक जरी जोड विकलास तर तुझे खरे. नाही तर सेवकांच्या शिळेवर तुझे नाव कोरले जाईल, आणि कोरलेले नाव जन्मभर निघत नाही. तोवर मी तुझ्याशी बोलणार नाही." एवढे बोलून तो खरेच गप्प झाला. बोलक्या माणसाला हे फार जड गेले, पण हट्टी होता.

तुंगेने माळ्यावरची कोण्या जुन्या पूर्वजाची वहाण उसवली, नीट पाहिली, परत शिवली. अकरा वेळा आरी बोटात घुसली, बाराव्या वेळी चामड्यात. मग तिने पेठेतली एक फळी उघडली आणि दुकान मांडले.

लोक आले की! वहाण पायात घालत, चार पावले चालत, सुखावत. आणि घेण्यासाठी हात पुढे करणार, तोच त्यांची नजर तारवटे आणि तोंडातून शब्द पडत, "जरा पुढे बघून येतो." पुढे काय होते? बंद दुकाने आणि एक विहीर. पण गेलेला माणूस परत म्हणून येत नसे.

एकदा खुद्द राजा आला, सोबत एक्केचाळीस सेवक. राजाने वहाण घातली. "अहाहा!" राजा म्हणाला. तुंगेने जोड बांधून द्यायला फडके उचलले. राजाने वहाण काढली, "जरा पुढे बघून येतो," म्हणाला, आणि दहाव्या पावलाला त्याच्या पायात काटा मोडला. तुंगेला हसू आले नाही. ती दुकानात बसून ढसाढसा रडली.

पौर्णिमेला तीन दिवस उरले, तेव्हा एक साळुंकी वळचणीला येऊन बसली आणि बोलू लागली.

"रडू नकोस. हा शाप आहे. पहिली विक्री, जिला बाजारवाले भवानी म्हणतात, ती या राज्यात कोणाचीच होत नाही. सातव्या डोंगरावरच्या विकटसेन मांत्रिकाने तो दिला."

"का दिला?"

"मला काय ठाऊक? मी तीन वर्षांची आहे."

"मग तुला माझी काळजी कशाला?"

"बाजार भरत नाही, म्हणून दाणे सांडत नाहीत. मला भूक लागते."

कारण रास्त होते. तुंगेने राजासाठी शिवलेला जोड फडक्यात बांधला आणि ती साळुंकीमागे निघाली.

वाटेत तीन दरवाजे होते आणि तिन्ही बोलत. पहिला म्हणाला, "तुझी दुपारची झोप दे." तुंगेने दिली. झोप तिच्या डोळ्यांतून मांजरासारखी उतरली आणि मागे न बघता निघून गेली.

दुसरा म्हणाला, "मैत्रिणींची लग्ने, बारशी, डोहाळजेवणे दे. तू पोहोचशील तेव्हा पंगत उठलेली असेल."

"जिलबी तरी?"

"ती सर्वांत आधी संपेल."

तुंगेने तेही दिले.

तिसरा दरवाजा सर्वांत जुना. तो म्हणाला, "मालकाच्या नावाने बोटे मोडायचे सुख दे. यापुढे काही बिघडले तर दोष द्यायला तुझ्या वर कोणी नसेल." इथे मात्र तुंगा खाली बसली. घरोघरी रात्रीच्या जेवणाला चव येते ती याच सुखाने, हे तिने लहानपणापासून पाहिले होते. सूर्य माथ्यावरून कलला तेव्हा ती उठली. "घे," ती म्हणाली. दरवाजा उघडला.

आत आगीचे लोळ नव्हते की कवट्या नव्हत्या. एक दुकान होते, अगदी रिकामे. एक हडकुळा माणूस स्वच्छ फळ्या पुन्हा पुसत होता. तुंगेला पाहताच तो ताठ झाला, मग घाईने बसला आणि फार कामात असल्यासारखे दुसरीकडे बघू लागला. तुंगा गेले कित्येक दिवस रोज हेच करीत होती. भांडायला आलेली ती, दारातच थबकली.

"आपण काय विकता?" तिने विचारले.

"अदृश्य टोप्या. घातली की माणूस दिसेनासा होतो."

"कुठे आहेत?"

"समोरच. तीन हजार आहेत." विकटसेनाने मान खाली घातली. "टोप्याही अदृश्यच आहेत. लोक येत, रिकाम्या फळ्या पाहत आणि 'जरा पुढे बघून येतो' म्हणून जात. गुरू म्हणाले होते, राजाचा ज्योतिषी हो. मी ऐकले नाही. तीन वर्षे वाट पाहिली, आणि एके दिवशी तोंडातून निघून गेले, माझी भवानी होईपर्यंत इथे कोणाचीच न होवो."

"मग मागे घ्या ना!"

"घेता येत नाही. पुष्कळदा करून पाहिले."

तुंगेला त्याचा राग आला आणि कीवही आली, आणि कीव वरचढ ठरली. तिने फडके सोडले. "हा जोड घ्या, मला एक टोपी द्या."

विकटसेनाने आपल्या अनवाणी पायांकडे पाहिले आणि हात पुढे केला. तोच शापाने तुंगेची जीभ धरली. "जरा पुढे बघून येते," ती म्हणाली आणि तिचे पाय वळले. मांत्रिकाने आपले पुसायचे फडके उचलले आणि तो फळी पुसू लागला.

तुंगा पुढे गेली. पुढे कडा होता आणि कड्याखाली धुके. तिने डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले, वाकून खालीही पाहिले. सांगितले तेवढे बघून झाले आणि शापाचे काम संपले. मग तिने ते केले जे तीनशे वर्षांत कोणीच केले नव्हते. ती परत आली.

"पुढे बघून आले," ती म्हणाली. "पुढे काही नाही. टोपी द्या."

विकटसेन लहान मुलासारखा रडला. वहाणा त्याच्या हाती गेल्या, टोपी तिच्या हाती आली, निदान तसे वाटले. दोघांनी आपापली वस्तू कपाळाला लावली. एकाच वेळी दोघांची भवानी झाली. आकाशात काही कडाडले नाही. खाली पेठेत तीनशे वर्षांच्या फळ्या तेवढ्या धडाधड पडल्या.

परतताना तुंगेने दरवाजांकडे दिलेले सगळे परत मागितले. "ते मिळणार नाही," दरवाजे म्हणाले. "ते शापापोटी नव्हते, धंद्यापोटी होते."

पौर्णिमेला शिळेवर तुंगेचे नाव कोरले गेले नाही. राजाने वहाणांचे दोन जोड घेतले. पाठोपाठ विकटसेनाकडून एक टोपीही घेतली, तेव्हापासून तो सेवकांना सापडत नाही आणि सुखात आहे. छत्रीवाल्यांनी छत्र्या विकायला काढल्या. तुंगेची स्वतःची टोपी मात्र तिने घरी आल्यावर कुठे ठेवली, ते तिला आजतागायत उमगलेले नाही.

रंगोजीचे पद गेले. राजा आपली चुटकी आपणच वाजवू लागला. पैज हरलेला रंगोजी आता बोलू शकत होता, पण लाजेने तोंड उघडेना. एका सकाळी तो मुकाट्याने दुकानात येऊन बसला आणि दोऱ्याला मेण लावू लागला. तुंगेने दोऱ्याचे आणखी एक रीळ त्याच्यापुढे सरकवले. त्याच आठवड्यात तिच्या जिवलग मैत्रिणीचे लग्न झाले. ती पोहोचली तेव्हा मांडवात झाडलोट चालली होती. तिला फार वाईट वाटले. दुकान बंद करून टाकावे, असेही एकदा वाटून गेले.

दुसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक घासाघीस करू लागले. तुंगा उत्तर देणार तोच मागून आवाज आला. कित्येक दिवसांनी रंगोजी बोलत होता.

"भाव कमी होणार नाही. माझ्या हातात काही नाही हो! आमची मालकीण फार कडक. दुपारची म्हणून पाठ टेकत नाही, मलाही टेकू देत नाही. टाका वाकडा गेला की सगळा उसवायला लावते. असली मालकीण मी जन्मात पाहिली नाही!"

तक्रार करता करता त्याची छाती इतकी फुगली की बाराबंदीचा एक बंद तुटला. तुंगेने मान वर केली नाही. तिचे डोळे भरून आले होते, आणि हातातला टाका चुकवून चालणार नव्हते.

ज्यांनी फळी उघडली त्यांचे गिऱ्हाईक परत येवो, आणि ज्यांनी नुसती कहाणी ऐकली त्यांना दुपारी गाढ झोप लागो.