पहिली चकती जिभेला

सीना नदीच्या काठी कुसळवाडी नावाचं गाव आहे, गावाबाहेर टेकाडावर मठ आहे, आणि त्या मठाच्या ओसरीवर भानगीर महाराज बसत तेव्हाची ही गोष्ट. महाराजांजवळ एक घोंगडी आणि पाण्याचा तुंबा, एवढाच संसार. तो तुंबाही मठाच्या कुंपणावरच्या कडू भोपळ्याचा. लांबलांबचे गोसावी तुंब्यासाठी हे भोपळे घेऊन जात, म्हणून वेल कुणी उपटत नसे.

भोगीच्या दिवशी मठात बाजरीचा खिचडा शिजे. हे काम भिवराचं. भिवरा गावातली एकटी विधवा, दळण-कांडण करून पोट भरणारी. बाजरीला पाण्याचा हबका मारून ती उखळात कांडायची, कोंडा पाखडायची, मग हंड्यात ओले हरभरे, पावटे, गाजरं आणि दुधी. वरून जिरं, हिंग, हळद, ठेचलेली मिरची आणि मूठभर तीळ. वास टेकाडाखाली जायचा आणि पोरं थाळ्या वाजवत वर यायची.

तिची एक सवय मात्र होती. दुधी हातात घेतला की देठाकडची चकती कापायची, जिभेला लावायची, थुंकायची, तोंड धुवायचं आणि मगच दुधी चिरायचा. एकही दुधी तिनं असा सोडला नाही.

त्या वर्षी पाऊस झाला नव्हता. मठात दाणे आले ते पाटलांच्या कणगीतले, तेही शेवटचे. म्हणून कृष्णाबाई पाटलीण स्वतः सोवळ्यानं चुलीपाशी आल्या. भिवरानं पहिली चकती जिभेला लावली आणि पाटलीणबाईंनी तिचा हात धरला.

"काय करतेस गं? देवाचा नैवेद्य उष्टा करतेस?"

"बाई, तुकडा थुंकून टाकते मी. हंड्यात जात नाही. कुंपणावर कडू भोपळा आहे ना, शेजारी वाढलं की बी फिरतं. वरून दुधी चांगलाच दिसतो."

"आमच्या परसातला आहे हा. पाटलांच्या घरचा. तो तू तपासणार?"

"कुणाच्याही घरचा असो, बाई."

चुलीभोवतीच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. पाटलीणबाई मात्र हसल्या नाहीत. त्या हळूच म्हणाल्या, "तुझी पोर कडू दुधी खाऊन गेली, तेव्हा कुठं होती ही जीभ?"

हसणं बंद पडलं. भिवरानं विळी बाजूला सारली.

"तेव्हा नव्हती बाई. म्हणून आता आहे."

"मग ती घेऊन बाहेर बस. मी असेपर्यंत या हंड्याला हात लावायचा नाही."

भिवरा उठून उखळाजवळ कोंड्यात जाऊन बसली. पोर गेल्यापासूनच्या सात वर्षांत तिला स्वतःचं म्हणावं असं हे एकच काम उरलं होतं, तेही गेलं. महाराज ओसरीवरून सगळं बघत होते आणि काही बोलले नाहीत. (इथं मला दर वेळी महाराजांचा राग येतो. पण पुढचं ऐका.)

पाटलीणबाईंनी बाकीचे चारही दुधी न चाखता चिरले. खिचडा शिजला, देवापुढं पान ठेवलं गेलं. सकाळपासून उपाशी पोरं ओळीनं बसली. मठाची रीत अशी की देवापुढचं पान आधी महाराजांना द्यायचं. महाराजांनी घास घेतला. क्षणभर थांबले. मग दुसरा घेतला, तिसरा घेतला.

"पाटलीणबाई," महाराज म्हणाले, "अजून वाढा. पोरांना जरा थांबू द्या. आज मला फार भूक आहे."

"बघा," पाटलीणबाई बायकांकडे वळून म्हणाल्या, "सोवळ्यात केलं की कसं लागतं ते."

भिवरा मात्र महाराजांच्या गळ्याकडे बघत होती. घास गिळताना तिथली शीर ताठ होत होती. तिच्या पोरीचीही अशीच झाली होती. ती धावत आली, पानाच्या कडेचं एक शीत उचलून जिभेला लावलं.

"महाराज, थुंका ते. कडू आहे. विष आहे."

"मान गेला म्हणून जळतेय," पाटलीणबाई म्हणाल्या आणि हंड्यातून बोटभर खिचडा स्वतःच्या तोंडात घातला. पुढच्याच क्षणी त्या भिंतीला धरून थुंकत होत्या.

ओळीतली पोरं बघत राहिली. एक लहानगी थाळी चाटत होती, रिकामीच. गावात दुसरी बाजरी नव्हती.

महाराजांनी पान पुसून खाल्लं. त्यांचे ओठ निळे पडले होते. ते म्हणाले, "भिवरा, आता तू वाढ."

"महाराज, हे मी कसं वाढू? माझ्या हातानं?"

"तसंच कोण वाढ म्हणतंय? आधी चाख. तुझी रीत का सोडतेस? आई चाखूनच भरवते. देव तेवढ्यानं बाटत नाही."

भिवरानं हंड्यातला एक घास जिभेवर ठेवला. तीळ लागले. मग पावटा, मग दुधीची मऊ गोडी. ती रडायला लागली आणि रडतच वाढायला लागली. हंड्यातलं सगळं कडू महाराजांच्या पोटात गेलं होतं.

तीन दिवस महाराज घोंगडीवर पडून होते. उठले, पण जिभेवरचं कडू गेलं नाही. पुढं अकरा वर्षं गूळ दिला तरी कडू, दूध दिलं तरी कडू. संक्रांतीला पोरं तिळगूळ द्यायची. महाराज तो तोंडात घालून म्हणायचे, "गोड आहे रे." मग तोंड फिरवायचे.

त्या भोगीनंतर चौथ्या दिवशी पाटलीणबाई मठात आल्या आणि महाराजांच्या पायांशी वाकल्या. महाराजांनी पाय मागे घेतले.

"इथं नाही. तिकडे."

भिवरा उखळाजवळ बसली होती. पाटलीणबाई पैठणीसकट कोंड्यात बसल्या आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं. म्हणाल्या, "मी जे बोलले ते परत घेता येत नाही गं."

"नाही येत," भिवरा म्हणाली.

महाराजांनी हंडा गोड केला, पोर परत दिली नाही. भिवरानं मागितलीही नाही. तिनं फक्त शेजारच्या टोपलीतला दुधी उचलला, देठाकडची चकती कापली आणि पाटलीणबाईंपुढं धरली.

पाटलीणबाईंनी ती जिभेला लावली. डोळे मिटले, थुंकल्या, तोंड धुतलं.

"चिर," त्या म्हणाल्या, "गोड आहे." आणि पुन्हा तिच्या पायांशी वाकल्या.