मागून वारा येत नाही

“…मग ते ओढत का नाही?”

दगडूबुवांनी विचारलं आणि वेणूताईचं तोंड उतरलं.

“ओढत होतं, बुवा. दसऱ्यापर्यंत चांगलं ओढत होतं. आता नुसतं बोंबलतं.”

“आणि तापतं.”

“तापतं. मग आपलं आपण बंद पडतं. गार झालं की परत चालू.”

“माझ्यासारखंच आहे की.”

वेणूताई हसली नाही. मठात ती कधीच हसायची नाही.

जतच्या पुढे, कोरड्या माळावर हा मठ. दगडूबुवा तिथले गुरू. म्हातारा माणूस, तोंडात चार दात आणि त्या चारांतून जे बाहेर पडेल ते सरळ. वेणूताई त्यांची सगळ्यात जुनी शिष्या. पहाटे सगळ्यांच्या आधी उठणारी, सगळ्यांच्या नंतर जेवणारी, आणि हे दोन्ही सगळ्यांना माहीत आहे ना याची काळजी घेणारी.

सभामंडपात मोठी लाल सतरंजी आहे. झाडूनं तिची धूळ निघत नाही, नुसती उडते. म्हणून पुण्याच्या एका भक्तानं स्वतःच्या घरातला व्हॅक्यूम क्लीनर आणून दिला. पुढे लांब सोंड, मागे गोल पोट. मठातली माणसं त्याला गणोबा म्हणायला लागली. या गणोबाला वेणूताईशिवाय कुणी हात लावायचा नाही, असा नियम. नियम कुणी केला? वेणूताईनंच.

दुपारची वेळ होती. बुवा सभामंडपाच्या पायरीवर पोत्यावर बसले होते. मशीन त्यांच्यापुढे आडवं पडलं होतं.

“टाकून देऊ या,” वेणूताई म्हणाली. “भक्तांना सांगितलं तर नवीन येईल.”

“याला काय झालंय ते कळल्याशिवाय नवीन आणलंस तर त्यालाही तेच होणार.”

“मी काय कमी केलं त्याचं? दर खंडेनवमीला पूजा करते. हळदकुंकू, झेंडू. आजवर पाय लागू दिला नाही.”

“सोंड काढ.”

तिनं सोंड काढली. बुवांनी ती उजेडाकडे धरली, एका टोकाला डोळा लावला.

“तू दिसतेस. म्हणजे सोंड मोकळी आहे.”

मग त्यांनी पुढचा ब्रश उलटा केला. ब्रशाला केस गुंडाळले होते. काळे, पांढरे, मेंदीचे लाल. विळीवरून फिरवून त्यांनी ते कापून काढले.

“आता लाव.”

वेणूताईनं बटण दाबलं. मशीन ओरडायला लागलं. बुवांनी पुढच्या तोंडावर तळहात ठेवला. मग तोच हात मागे नेला. मागे जाळी होती, तिच्यावर ठेवला. बराच वेळ ठेवला.

“बंद कर.”

ओरडणं थांबलं.

“मागून वारा येत नाही,” बुवा म्हणाले.

“मागून कशाला यायला हवा? काम पुढं आहे त्याचं.”

“नाक चिमटीत धर आणि भाकरी खाऊन दाखव.”

वेणूताईला ते लागलं. पण ती गप्प राहिली. गुरूनं टोचलं तरी गप्प राहायचं, हे ती नव्या बायकांना शिकवायची.

“पोट उघड,” बुवा म्हणाले.

आणि इथं ती पहिल्यांदा अडली.

“ते… राहू दे ना, बुवा. मी उघडते नंतर.”

“आता.”

तिनं कडी सरकवली. झाकण वर झालं.

आत मशीनबरोबर आलेली पिशवी नव्हती. आत भगव्या कापडाची पिशवी होती. जाड कापड, दुहेरी शिवलेलं, कडेला बारीक टाके. आतल्या धुळीनं ते कापड चामड्यासारखं कडक झालं होतं.

बुवांनी कापड चिमटीत धरलं.

“ही माझी छाटी आहे.”

“जुनी. तुम्ही टाकलेली.”

“माझी छाटी मशीनच्या पोटात काय करते?”

“ती कंपनीची पिशवी विरळ होती, बुवा. बारीक धूळ तिच्यातून मागं निघून जायची. वाया जायची.”

“काय वाया जायचं?”

“धूळ.”

बुवांनी मान तिरकी केली. कमी ऐकू आलं की ते तसं करायचे. पण आता त्यांना नीट ऐकू आलं होतं.

“वेणू… धूळ वाया जाते म्हणजे काय गं?”

तेव्हा तिनं सांगितलं. न घाबरता सांगितलं. बाई खोटी नव्हती. खोटी असती तर तिला भीती तरी वाटली असती.

“तुमची चरणधूळ आहे ती. सतरंजीवर पडते. मी केरात कशी टाकू? पाप लागेल मला. मी ती वस्त्रगाळ करते, पुड्या बांधते. ज्यांना अडचण आहे त्यांना देते.”

“कुणाला देतेस?”

“लोकांना. बायका येतात ना तुमच्या दर्शनाला. कुणाला मूल नाही, कुणाच्या नवऱ्याची दारू सुटत नाही. कपाळाला लावायला सांगते. कुणी पाण्यातून घेतं.”

“पाण्यातून.”

“श्रद्धा असते त्यांची.”

“तू घेतेस?”

“मला काय झालंय? मी धडधाकट आहे.”

बुवांनी पिशवी मशीनमधून बाहेर काढली. शेजारी पडलेला जुना पेपर त्यांनी ओढला, पायरीवर पसरला आणि छाटीची पिशवी त्यावर उलटी केली. आतलं सहज सुटलं नाही. झटकावी लागली.

जे पडलं ते पडलं. करड्या राखेसारखा ढीग. त्यात केस. नखाचा तुकडा. झुरळाचा पाय. उंदराच्या लेंड्या. गुलाल. भाताचं वाळलेलं शीत.

“वेणू, मी या सतरंजीवरून कधी चाललोय?”

“म्हणजे?”

“मला मऊ सोसत नाही. मी मागच्या दारानं येतो, फरशीवरून, कडेकडेनं. तू रोज बघतेस.”

वेणूताईनं सतरंजीकडे बघितलं. मग मागच्या दाराकडे.

रोज बघत होती. खरंच रोज बघत होती.

“मग ही… ही कुणाची?”

“येणाऱ्या-जाणाऱ्याची. चपला बाहेर काढतात, पाय कोण धुतंय? म्हशीच्या गोठ्यातून उठून येतात बिचारे.”

वेणूताई पेपरावरच्या ढिगाकडे बघत राहिली. तिचा चेहरा असा झाला की जणू तिच्या हातातलं तान्हं कुणी बदलून ठेवलं आणि तिला आज कळलं.

बुवांनी बोटानं ढीग थोडा बाजूला केला. खाली पांढरं होतं. पिठासारखं. त्यांनी बोट नाकाशी नेलं आणि झटकन दूर केलं.

“हे पांढरं काय?”

“ते ना? ती मुंग्यांची पावडर. प्रसाद सांडतो, सतरंजीला मुंग्या लागतात. मीच टाकते कडेनं. रात्रभर ठेवते, सकाळी मशीन फिरवते. सगळी साफ होते… ओढून…”

आणि ती थांबली.

स्वतःच्या तोंडून निघालेलं वाक्य तिनं पुढं जाऊ दिलं नाही. पण ते निघून गेलं होतं.

बुवांनी ते बोट पोत्याला घासून पुसलं.

“बुवा…”

“किती जणींना दिलीस?”

“बुवा, बहुतेक कपाळालाच लावतात…”

“मी काय विचारलं?”

ती उत्तर देणार तेवढ्यात फाटकाचा आवाज आला. खालच्या वाडीतली पूनम धापा टाकत चढ चढून आली. विशीतली पोरगी. अंगावर घरातलाच गाऊन, वर ओढणी. कडेवर तिची लेक. अजून चालायलाही न लागलेली. तिची मान आईच्या खांद्यावर लोंबत होती.

“ताई, पुडी संपली. आणखी एक द्या.”

वेणूताई जागची हलली नाही.

“दात येताना रात्रभर रडायची ना, म्हणून परवापासून पाण्यातून देते, तुम्ही सांगितलं तसं. रडायची थांबली बघा. पण जुलाब काही थांबेनात. तुम्ही म्हणालात, आतलं वाईट बाहेर पडतंय, पडू दे. पण आता दूधसुद्धा ओकते, ताई. आणि लाळ बघा कशी गळतेय.”

बुवा उठले. या वयात ते कुणाचा तरी हात धरल्याशिवाय उठत नसत. एकटे उठले. पोरीच्या गालाला हात लावला. पोरगी रडली नाही. तिनं डोळेही नीट उघडले नाहीत.

“हणमंता!” बुवा ओरडले. एवढा आवाज मठात कुणी ऐकला नव्हता. “जीप काढ! आत्ताच्या आत्ता!”

मठाच्या मागं हणमंता डोळ्यांवर टॉवेल टाकून झोपला होता. तो तसाच चपला न घालता जीपकडे पळाला.

पूनम घाबरली. कधी बुवांकडे, कधी वेणूताईकडे बघायला लागली.

“काय झालं? ताई, काय झालं? बोला की!”

वेणूताईनं पूनमची ओढणी धरून ठेवली होती, का ते तिलाच माहीत.

“दवाखान्याचा नंबर आहे तुझ्याकडं?” बुवांनी विचारलं.

“आहे. तिथल्या डॉक्टरीण बाईंचा आहे. डोस द्यायला येतात त्या.”

“लाव.”

पूनमनं फोन लावला. बुवांनी तो घेतला.

“बाई, मठातून बोलतोय. तान्ही पोर आणतोय. पोटात विष गेलंय.”

पूनमनं किंकाळी फोडली. पोरीला छातीशी इतकं घट्ट धरलं की बुवांना तिचा हात सैल करावा लागला.

“विष? कुणी दिलं विष? मी तर मठाची पुडी दिली! ताई, तुम्ही दिलेलीच दिली! शपथ सांगते, दुसरं काही नाही दिलं!”

“ठाऊक आहे, पोरी,” बुवा म्हणाले. “तू बस गाडीत.”

जीप पायरीशी आली. पूनम पुढं बसली. वेणूताई मागं चढायला गेली आणि पायरीवरच थबकली. बुवांच्या हातात फोन चालू होता. फोनमधून डॉक्टरीण बाई मोठ्यानं विचारत होत्या, विष कसलं, कधी गेलं, कुणी बघितलं.

वेणूताईनं बुवांच्या कानाशी तोंड नेलं. हळू बोलली.

“बुवा, अंगारा दिला म्हणून सांगा. अंगाऱ्यात काहीतरी पडलं असेल म्हणा. मी तिच्याबरोबर जाते, रात्रंदिवस बसते, पाय धरते तिचे. पण असं सांगितलं तर मठाचं नाव जाईल.”

“जाऊ दे. पोरगी राहू दे.”

“माझं काय होईल?”

बुवांनी तिच्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर तिला सोसला असता.

त्यांनी फोन तिच्या तोंडाशी धरला.

“हॅलो?” डॉक्टरीण बाईंचा आवाज. “कोण बोलतंय? पोरीला काय दिलंय? लवकर सांगा, मला इकडं तयारी करायची आहे.”

वेणूताईनं जीपच्या पुढच्या सीटकडे बघितलं.

पूनम पुढच्या सीटवरून मागं वळून बघत होती. तिच्या मांडीवर पोरगी. पोरीच्या हनुवटीवरून लाळ ओघळत होती.

“मुंग्यांची पावडर,” वेणूताई म्हणाली.

“काय?”

“मुंग्या मारायची पावडर. पांढरी. दुकानात मिळते ती. पाण्यातून गेली. परवापासून.”

पूनमचा चेहरा बघवत नव्हता. ती ओढणीनं पोरीचं तोंड पुसत राहिली.

“पाकीट असेल तर बरोबर आणा,” डॉक्टरीण बाई म्हणाल्या. “तोंडानं आता काही देऊ नका. आणि अजून एक सांगा. पावडर नुसतीच गेली की कशात मिसळलेली होती?”

“मिसळलेली.”

“कशात?”

वेणूताईनं वर बघितलं. हणमंता बघत होता. स्वयंपाकघरातल्या बायका हातातलं टाकून दारात आल्या होत्या. तिनं ज्यांना गप्प राहायला शिकवलं होतं त्या सगळ्या.

“बाई, कशात मिसळली होती?”

“चर…” तिनं सुरुवात केली. “बुवा… काय म्हणू मी त्याला?”

बुवांनी फोन आणखी जवळ धरला.

“केर म्हण.”